अपंग पालक आणि गावची सावड



शाळेच्या दाखलखारिज नोंदवहीत मुलाचे नाव असते, पालकाचे नाव असते, जन्मतारीख असते. त्या मुलाच्या आईस दिसत नाही, वडिलांना ऐकू येत नाही, किंवा घरातले कर्ते माणूस कुबडीवर चालत जाऊन रोजची मजुरी मिळवते, ही गोष्ट मात्र कोणत्याही रकान्यात उतरत नाही. अपंग मुलांच्या शिक्षणासंबंधी अलीकडे पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ते मूल मोठे होते, नोकरीधंद्यास लागते, संसार मांडते, आणि एके दिवशी स्वतःच्या मुलाचा हात धरून पुन्हा शाळेच्या दारात येऊन उभे राहते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत व्याख्यान त्या पालकासंबंधी आहे. असा पालक कधी मुलाच्या घरी भेटतो, आणि कधी शिक्षकांच्याच खोलीत, शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो.

प्रथम शब्दाविषयी. पूर्वी 'अपंग' म्हणत, पुढे 'विकलांग' आले, आता सरकारी कागदांत 'दिव्यांग' आहे. नावे बदलली, पण पुष्कळ गावांत अजूनही माणसाच्या नावामागे त्याचे व्यंगच लावून हाक मारतात, आणि ती हाक त्याची मुले ऐकत असतात. येथे साधा जुना शब्द ठेवला आहे, त्यात अनादर नाही.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी शेकडा 69 खेड्यांत राहणाऱ्या होत्या. महाराष्ट्रातील संख्या 29 लाखांहून अधिक होती. या आकड्यांत पोलिओने पाय गेलेल्यांची एक मोठी पिढी आहे. पल्स पोलिओची मोहीम आपल्या देशात 1995 साली सुरू झाली. शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला, आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. म्हणजे नवी मुले वाचली. पण मोहिमेपूर्वी ज्यांना हा रोग झाला, ती माणसे आज ऐन संसाराच्या वयात आहेत. त्यांची मुले आपल्या वर्गांत आहेत.

अशी एक शिक्षिका कल्पनेने नजरेसमोर आणावी. डावा पाय लहानपणीच पोलिओने वाळलेला. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर. द्विशिक्षकी शाळेवर नेमणूक. पती दूरच्या शहरात कारखान्यात, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारे. सहा वर्षांची मुलगी आईच्याच शाळेत पहिलीत. बाईंचे शिकवणे चांगले, फळ्यावरचे अक्षर मोत्यासारखे. त्यांना उणे काय आहे असे कोणी विचारले, तर गाव म्हणेल, बाईंना काही कमी नाही, पगार आहे, सगळे मान देतात.

आता त्यांचा आठवडा पाहावा. शाळा सुटल्यावर रस्त्यापर्यंत अर्धा मैल चालायचे. इतर शाळांच्या शिक्षिका वडापच्या जीपने मिळून जातात. पण बाईंना रस्त्यावर पोचण्यास वेळ लागतो, आणि भरलेली जीप थांबत नाही. केंद्राची शिक्षण परिषद वरच्या मजल्यावरील दालनात भरते. केंद्रप्रमुख सहानुभूतीने म्हणतात, "बाई, तुम्ही नाही आलात तरी चालेल, टिपण पाठवून देऊ." सहल ठरते. सहकारी गुरुजी म्हणतात, "तुम्ही कशाला त्रास घेता? तुम्ही शाळा सांभाळा." गावात हळदीकुंकू असते. शेजारीण मुलीच्या हाती वाण घरी पाठवते, बाईंना चालावे लागू नये म्हणून. या चारही माणसांच्या मनात वाईट काही नाही. किंबहुना प्रत्येकाने आपल्या परीने बाईंचा भार हलका केला आहे. पण आठवड्याच्या शेवटी हिशेब मांडला, तर बाई सहा दिवसांत आपल्या बरोबरीच्या एकाही माणसाशी निवांत बोललेल्या नाहीत. कामातून सूट देता देता त्यांना सोबतीतूनही सूट मिळाली आहे.

एरवी माणसांची मैत्री जुळते ती कोठे? बहुधा कामाच्या कडेकडेने. जीपच्या वाटेवर, प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत, सहलीच्या रात्री मुले झोपल्यावर, नळावर, दळणाच्या रांगेत. मुलाला ताप आला तेव्हा काय केले, सासूशी कसे जमवून घेतले, मुलगी अभ्यासाला बसत नाही तर काय करावे, हे तेथेच विचारले जाते. ज्या आईस त्या कडेवर उभे राहण्यासच मिळत नाही, तिला या साध्या प्रश्नांचे उत्तर देणारे कोणी भेटत नाही. मग प्रत्येक प्रश्न तिला आपल्या अपंगत्वाचा वाटू लागतो. पहिलीतील मूल अभ्यासाला बसत नाही ही सर्व घरांची तक्रार आहे. एकटी आई मात्र मनाशी म्हणते, आपण हिच्यामागे धावू शकत नाही म्हणून ही अशी झाली.

अशा वेळी नातेवाईक एक उपाय सुचवतात. मुलीस आजोळी ठेवावे. तेथे मामी आहे, आजी आहे, खेळायला भावंडे आहेत, "तुझीही दगदग वाचेल." हे बोलणे मायेचेच असते. तरीही येथे शिक्षकाने कान टवकारले पाहिजेत, कारण हा निर्णय शेवटी शाळेच्या टेबलावर येतो, शाळा सोडल्याचा दाखला मागण्याच्या अर्जाच्या रूपाने. पुष्कळ दाखल्यांवर कारणापुढे 'परगावी गेल्यामुळे' एवढेच लिहिले जाते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्य केला. त्याच्या तेविसाव्या अनुच्छेदात असे स्पष्ट म्हटले आहे की, मुलाच्या किंवा आईवडिलांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मूल आईवडिलांपासून तोडू नये, आणि मूल वाढविण्याच्या कामी अशा पालकांना योग्य ते साहाय्य राज्याने द्यावे. मामी काही कायद्याने बांधलेली नाही, हे खरे. पण ज्या प्रसंगी जगातील राष्ट्रांना असे लिहून ठेवावेसे वाटले, तो प्रसंग आपल्या गावात मायेच्या वेषात येतो, एवढे ओळखता आले पाहिजे.

मग बाईंनी काय करावे? मदत मागावी, असे सोपे उत्तर आहे. पण मदत मागणे हे काम वाटते तितके सोपे नाही. एक घागर पाणी कोणी आणून दिले तर आभार मानता येतात; रोज आणून दिले तर त्या आभारांचे ओझे होते. ज्याच्यावर उपकार झाले तो उपकारकर्त्याशी भांडू शकत नाही, त्याच्या मुलाची खोडी दाखवू शकत नाही, त्याला नाही म्हणू शकत नाही. आणि जेथे भांडता येत नाही तेथे मैत्री कशी होणार? पुष्कळ अपंग माणसे मदत नाकारतात आणि लोक त्यांना मानी म्हणतात. वस्तुतः ती माणसे या ओझ्याला भीत असतात.

आपल्या खेड्यांत यावर एक जुनी रीत आहे. जिला एकच बैल तो शेतकरी दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. भांगलणीला बायका सावडीने एकमेकींच्या शेतात जातात. तेथे कोणी कोणाचे आभार मानीत नाही, आणि कोणी वहीही ठेवीत नाही. फेड होणार हे दोघांना ठाऊक असते. अपंग पालकास जी सोबत टिकते ती बहुधा या जातीची असते. बाईंची शेजारीण पाणी आणते, आणि तिचा पाचवीतला मुलगा रोज संध्याकाळी बाईंच्या ओट्यावर भागाकार शिकतो. सहकारी गुरुजी बाजारातून भाजी आणतात, आणि शाळेची यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सगळे ऑनलाइन भरणे बाई करतात, कारण गुरुजींचा त्या कामाशी उभा दावा. या देवघेवीत बाईंचा पाय विषयच राहत नाही.

म्हणून शेजाऱ्याने अपंग माणसास 'काही लागले तर सांगा' असे मोघम म्हणण्यापेक्षा त्याच्याकडे आपले एखादे काम घेऊन जावे, हे अधिक उपयोगी पडते. शिक्षकांनी करून पाहावे.

परंतु सावडीनेही एक गरज भागत नाही. ज्याने तेच भोगले आहे अशा माणसाजवळ बसण्याची ती गरज. याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आहे. ऑगस्ट 1921 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी, त्यांना ज्या आजाराने गाठले तो पोलिओ असल्याचे निदान झाले आणि दोन्ही पाय लुळे पडले. त्या वेळी ते पाच मुलांचे वडील होते. धाकटा मुलगा पाच वर्षांचा होता. घरी संपत्ती होती, नोकरचाकर होते, कर्तबगार पत्नी होती. तरीही 1924 साली ते जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज या उन्हाळ्याच्या झऱ्याच्या गावी गेले आणि तेथे त्यांना जे मिळाले ते घरी मिळाले नव्हते. कोमट पाण्यात शरीर तरंगते, पाय थोडे हलतात, हा एक भाग. पण त्यांची वार्ता वाचून इतर पोलिओग्रस्त माणसे तेथे येऊ लागली, आणि रूझवेल्ट त्यांच्याबरोबर पाण्यात व्यायाम करू लागले, त्यांना व्यायाम शिकवू लागले. लोक त्यांना थट्टेने डॉक्टर रूझवेल्ट म्हणत. 1926 साली त्यांनी ती जागा विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तेथे संस्था उभी केली. राजकारणात, लोकांपुढे उभे राहताना, ते आपले पाय शक्यतो झाकून ठेवीत. चाकांच्या खुर्चीतील त्यांची छायाचित्रे अगदी थोडी आहेत. वॉर्म स्प्रिंग्जला मात्र कोणापासून काही झाकावयाचे नव्हते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही ते तेथे जात राहिले, आणि 12 एप्रिल 1945 रोजी त्यांचा मृत्यूही तेथेच झाला.

या कथेच्या दोन उण्या बाजूही सांगितल्या पाहिजेत. त्या संस्थेत कृष्णवर्णीय रुग्णांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी टस्कीगी येथे वेगळे केंद्र निघण्यास 1941 साल उजाडावे लागले. समदुःखाची सोबतही कधी कधी जातपात पाहते. दुसरी बाजू घरची. आजारानंतरच्या त्या वर्षांत रूझवेल्ट महिनोन्‌महिने घरापासून दूर असत आणि मुले त्यांच्यावाचून वाढत होती. श्रीमंत माणसास अशी सोबत विकत घेऊन दूर जाऊन राहणे परवडले. खेड्यातल्या शिक्षिकेस, शिंप्यास, गिरणीवाल्यास ते परवडण्याजोगे नाही. त्यांची सोबत घराच्या आसपासच सापडली पाहिजे.

आपल्याकडील उदाहरण कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे घ्यावे. शाळकरी वय सरता सरता त्यांच्या कमरेखालच्या शरीराची शक्ती गेली. त्या पालक नव्हेत, पण त्यांच्या हकिकतीतील एक गोष्ट येथे लागू पडते. निराशेच्या काळात त्यांची बाबूकाका दिवाण यांच्याशी गाठ पडली. बाबूकाका स्वतः चाकाच्या खुर्चीवर होते, व्यवसाय करीत होते, हातांनी चालविता येईल अशी मोटार चालवीत होते. त्यांना पाहून नसीमाताईंना जे कळले ते उपदेशाने कळले नसते. पुढे त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, 1984 साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली, आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मवृत्त लिहिले. ते शाळेच्या वाचनालयात अवश्य असावे.

प्रत्येक गावी असे बाबूकाका मिळत नाहीत. तथापि तालुक्यात त्या स्थितीतली माणसे पुष्कळ असतात, फक्त ती एकमेकांना ठाऊक नसतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचे किंवा वैश्विक ओळखपत्राचे शिबिर भरते, त्या दिवशी रुग्णालयाच्या व्हरांड्यात सकाळपासून दुपारपर्यंत ती शेजारी शेजारी बसलेली असतात. कॅलिपरचा पट्टा कोठे शिवून मिळतो, तीनचाकी स्कूटरला किती खर्च आला, मुलाला मांडीवर घेऊन कसे बसावे, अशी विचारपूस तेथे आपोआप सुरू होते. नंबर लागला, कागद मिळाला, की सगळे पांगतात. त्या व्हरांड्यात एखादा शिक्षक आपल्या गावच्या पालकाबरोबर गेलेला असेल आणि त्याने चार नावे व भ्रमणध्वनी त्यांच्या संमतीने टिपून घेतले, तर ते काम प्रमाणपत्राइतकेच मोलाचे आहे.

याला पुढे बचतगटाचे रूपही देता येते. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान, ज्याला आपल्या राज्यात 'उमेद' म्हणतात, त्यात एरवीचा गट दहा स्त्रियांचा असतो. पण अपंग व्यक्तींच्या गटास किमान पाच सभासद पुरतात आणि त्यात पुरुषही घेता येतात. एका लहान गावात पाच माणसे मिळणे अवघड, दोन-तीन वाड्या मिळून अशक्य नाही. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील शेकडा 5 इतकी रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची असते. ही गोष्ट पाच जणांनी मिळून ग्रामसभेत विचारली, तर एकट्याने विचारल्यापेक्षा निराळे उत्तर मिळते. परंतु पैशाचा भाग दुय्यम समजावा. महिन्यातून एकदा पाच माणसे एका ओट्यावर बसतात आणि त्यांची मुले अंगणात एकत्र खेळतात, हा खरा लाभ. आपल्यासारखीच आई दुसऱ्या मुलालाही आहे, हे त्या मुलांना तेथे प्रथम दिसते.

बसण्याचा उल्लेख आला, म्हणून जयपूरच्या कृत्रिम पायाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वीचे परदेशी धर्तीचे पाय बुटात घालून, खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेले असत. ते लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलातून अनवाणी जाता येत नसे. आपल्या माणसाला ते फुकट दिले तरी तो ते कोपऱ्यात टाकून पुन्हा कुबडी घेई. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास रबराचा जो पाय घडविला, त्याने माणूस मांडी घालू शकला. म्हणजे पंगतीत बसू शकला, भजनाला बसू शकला, जमिनीवर खेळणाऱ्या आपल्या मुलाशेजारी बसू शकला. केवळ चालणे एवढेच लक्ष्य असते, तर जुना पायही पुरला असता. सभेची जागा ठरविताना, सतरंजी अंथरताना, जिन्याचा विचार करताना हा कारागीर आठवावा. आणि जे मांडी घालूच शकत नाहीत त्यांच्यासाठी एकच खुर्ची वेगळी, कोपऱ्यात न मांडता दोन-तीन मांडाव्यात, म्हणजे म्हातारी माणसेही तेथे बसतील आणि तो एकटा उंचावर दिसणार नाही.

आता बापाविषयी थोडे. मळणी यंत्रात हात गेलेला शेतमजूर, झाडावरून पडून पाठीचा कणा मोडलेला माणूस, मधुमेहाने पाय कापावा लागलेला वाहनचालक, असे पालक आज खेड्यात आहेत. जन्मतः अपंग असलेल्या माणसाने आपला मित्रपरिवार त्या स्थितीत जोडलेला असतो. मध्येच अपंग झालेल्याचा परिवार मात्र गळून पडतो. पारावर बसणारे मित्र पहिला महिनाभर भेटीस येतात, मग येईनासे होतात, कारण काय बोलावे हे त्यांना सुचत नाही. हा माणूसही पारावर जाणे टाळतो. पुढे पानाची टपरी किंवा गिरणी सांभाळून तो संसार चालवतो, पण पालकसभेस बायकोला पाठवतो. मुलाच्या मित्रांनी आपल्याला पाहू नये असे त्याला वाटते. शिक्षकाने अशा घरी स्वतः जावे, आणि त्याच्या अपघाताविषयी न बोलता मुलाच्या गणिताविषयी बोलावे. वडील म्हणून त्याला विचारणारे माणूस पुष्कळ दिवसांत आलेले नसते.

मुलाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. सोबत नसलेल्या पालकाची सारी सोबत एकट्या मुलावर येऊन पडते. आंधळ्या आईचा हात धरून बाजाराला नेणारे मूल, बहिऱ्या वडिलांच्या वतीने दुकानदाराशी बोलणारे मूल, हे दृश्य पाहून गाव कौतुक करते. थोडे काम मुलाने अवश्य करावे, त्याने ते शहाणे होते. पण मर्यादा ओलांडली जाते ती शाळेतच कशी, हे पाहण्यासारखे आहे. मूकबधिर आईवडील पालकसभेस आले, तर बहुधा मुलालाच दुभाषा करण्यात येते. गुरुजी म्हणतात, "हा गृहपाठ करीत नाही, असे सांग तुझ्या आईला." आपलीच तक्रार आईस सांगण्याचे काम त्या मुलावर येते. ते ती जशीच्या तशी सांगेल, की गोड करून सांगेल? दोन्ही प्रकारे त्याची कुचंबणा आहे. आईवडिलांना वाचता येत असेल तर चार ओळी लिहून द्याव्यात. येत नसेल तर एखाद्या प्रौढ नातेवाइकास किंवा विशेष शिक्षकास बोलवावे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने, जे 2015 साली स्थापन झाले, 2021 पर्यंत 10,000 शब्दांचा खुणांचा कोश तयार केला आहे. शिक्षकाने त्यातल्या वीस खुणा शिकल्या तरी 'मुलगी हुशार आहे' हे वाक्य तो मध्यस्थावाचून सांगू शकेल. दृष्टिहीन पालकास कागदी सूचना घरी पाठविण्याऐवजी तीच सूचना बोलून भ्रमणध्वनीवर पाठवावी. हल्लीचे फोन लिहिलेला मजकूरही वाचून दाखवतात, मात्र मराठी मजकूर टंकलिखित असावा, हस्ताक्षराचे छायाचित्र नसावे.

उशिरा येणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभे करण्यापूर्वी घरी पाणी कोण भरते एवढे विचारून घ्यावे.

शेवटी शिक्षकांच्या खोलीतला एक कटू विषय. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी 27 फेब्रुवारी 2017 रोजी जे धोरण आले, त्यात अपंग शिक्षकांचा समावेश विशेष संवर्ग भाग 1 मध्ये झाला. तेव्हापासून शिक्षक-शिक्षकांत एक आढी पडली आहे. दुर्गम शाळेवर वर्षानुवर्षे राहिलेल्या शिक्षकास वाटते की आपली जागा दुसऱ्याने प्रमाणपत्र दाखवून नेली. खोट्या प्रमाणपत्रांच्या तक्रारीही होतात, आणि खोटे असेल ते उघडकीस यावेच. परंतु त्या संशयाची शिक्षा खऱ्या अपंगास होते. तो चालताना लोक त्याच्या पायाकडे पाहतात, तो खरेच लंगडतो का हे पाहण्यासाठी. अशा नजरेखाली वावरणारा सहकारी कोणाशी मन मोकळे करणार? 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क अधिनियमाने सरकारी नोकरीतील राखीव जागा शेकडा 4 केल्या, कामाच्या ठिकाणी वाजवी सोय करून देणे बंधनकारक केले, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकण्यास किंवा खालच्या पदावर आणण्यास मनाई केली. राज्यातील स्त्री कर्मचाऱ्यांना, आणि पत्नी हयात नसलेल्या पुरुषांनाही, 2018 पासून 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. केंद्र सरकारने आपल्या अपंग स्त्री कर्मचाऱ्यांसाठी मूल दोन वर्षांचे होईपर्यंत खास संगोपन भत्ताही ठेवला आहे. हे सारे हक्काचे आहे आणि ते मागताना कोणी संकोच करू नये. पण सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावरची आढी पाहून रजेचा अर्ज खिशातच ठेवणारी माणसे आहेत, हेही मुख्याध्यापकांनी जाणून असावे. अर्जावर सही करतानाचा एक चांगला शब्द त्यांना पुरतो.

कल्पिलेल्या बाईंकडे परत यावे. त्यांच्या मुलीच्या दाखल्याचा अर्ज लिहून झालेला आहे, टेबलाच्या खणात आहे. समजा, त्या केंद्राची पुढची शिक्षण परिषद वरच्या दालनाऐवजी खालच्या वर्गात घेतली गेली. समजा, केंद्रप्रमुखांनी टिपण पाठवितो असे न म्हणता बाईंनाच पहिलीच्या वाचनावर अर्धा तास बोलावयास सांगितले. बोलणे झाल्यावर चहाच्या वेळी दोन शिक्षिका त्यांच्याजवळ आल्या. एकीच्या मुलीचेही अभ्यासात लक्ष नव्हते. परतताना त्या तिघी रस्त्यापर्यंत बाईंच्या चालीने चालल्या, त्यामुळे पहिली जीप निघून गेली. दुसरी येईपर्यंत त्या वडाखाली बसल्या. बाईंची मुलगी दुसऱ्या शिक्षिकेच्या मुलीबरोबर पारंब्यांशी खेळत होती. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कोणाच्या घरी जमायचे, याची बोलणी चालली होती, आणि बाई म्हणाल्या, माझ्याकडे या, माझ्याकडे पायऱ्या नाहीत.